वेणीतले उन्हाळे

व्हिसा कचेरीतल्या सिग्ने हॉगलंडनं यशोधराच्या मानेजवळची केसांची एक बारीक बट वेगळी केली, तिला दोरा बांधला आणि अगदी कातडीलगत कात्री चालवली.

"झालं. कुठून घेतली ते तुलाही सापडणार नाही," ती म्हणाली. "एवढे लांब केस आले की मला बरं वाटतं. जितके लांब, तितकी वर्षं वाचता येतात."

यशोधरा डोंगरदिवे हसली. तिला लपवण्यासारखं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी तिला तसंच वाटत होतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरहून ती दोन वर्षांपूर्वी इथं आली होती. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हेल्विक नावाच्या लहानशा गावात, समुद्रातल्या शेवाळाची शेती शिकायला. कॉलेजच्या सहलीला जाईपर्यंत जिनं समुद्र पाहिला नव्हता, ती मुलगी आता बर्फगार पाण्यात दोर सोडून त्यावर पुरुषभर उंचीचं शेवाळ वाढवत होती. नाताळच्या सुमाराला अभ्यासक्रम संपला आणि गावातल्याच शेवाळ-प्रयोगशाळेनं तिला नोकरी देऊ केली. आता विद्यार्थी व्हिसाचा नोकरीचा व्हिसा झाला की झालं. तो देश न सोडता, इथल्या इथं बदलून मिळत होता. त्याला मुख्य अट एकच होती: गेलं वर्षभर तुम्ही खरोखर याच देशात राहिलेले असायला हवं.

ही अट तपासायची कशी, ही पूर्वी मोठी अडचण होती. युरोपातल्या या देशांच्या सीमा एकमेकींना उघड्या. कोणीही गाडीत बसून दक्षिणेला जावं, तिकडे गुपचूप काम करावं आणि आपला फोन इथंच मित्राच्या खिशात ठेवून जावं. फोटोंवर तर आता कोणी विश्वासच ठेवत नव्हतं. हवा तसा फोटो घरबसल्या बनवता येत होता. मग जलओळख चाचणी आली आणि प्रश्न मिटला.

चाचणीमागचं शास्त्र जुनंच होतं, यंत्र तेवढं नवं. पाण्यात ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिजनचे सगळे अणू एकाच वजनाचे नसतात. बहुतेक हलके, थोडे जड. समुद्राचं पाणी उन्हानं वर जातं, त्याचे ढग होतात आणि हे ढग ध्रुवाच्या दिशेनं सरकताना वाटेत पाऊस पाडत जातात. जड पाणी आधी गळून जातं. त्यामुळे ढग जितका उत्तरेला पोचेल तितकं त्यात उरलेलं पाणी हलकं. मेहकरच्या बोअरचं पाणी आणि हेल्विकच्या नळाचं पाणी जिभेला सारखं लागेल, यंत्राला नाही. आपण जे पाणी पितो त्याचा अंश केसात उतरतो. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो आणि एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. यंत्र लेसरनं तो केस मुळाकडून टोकाकडे कणाकणानं जाळत जातं आणि त्या माणसानं कोणत्या महिन्यात कुठलं पाणी प्यायलं त्याचा आलेख काढून देतं.

यशोधरानं हे सगळं वडिलांना फोनवर समजावून सांगितलं, तेव्हा दादाराव डोंगरदिवे यांनी हातातला पाना खाली ठेवला. बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"म्हन्जे आपल्या बोअरचं पानी अजून तुह्या केसात हाये?" त्यांनी विचारलं.

"टोकाला असेल, बाबा. थोडंसं."

"मंग टोकं नको कापू वं कधी," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

पुढच्या आठवड्यात सिग्नेनं तिला परत बोलावलं. या वेळी ती हसली नाही. तिनं पडदा यशोधराकडे वळवला. पडद्यावर एक निळी रेघ होती, सपाट, शांत. मध्येच ती एकदम वर चढली होती, बराच वेळ वरच राहिली होती आणि पुन्हा खाली आली होती.

"गेल्या वर्षीचा जून ते ऑगस्ट," सिग्ने म्हणाली. "तू कुठं होतीस?"

"इथंच. या देशातच."

"रेघ तसं म्हणत नाही. इतकं जड पाणी आपल्याकडे कुठंच नाही. ना नळाला, ना झऱ्याला, ना बाटलीत. आमच्या तक्त्यात हे पाणी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या शहरांचं आहे, जिथं समुद्राचंच पाणी गोडं करून नळाला सोडतात. तिथं उन्हाळ्यात हजारो लोक हॉटेलांत काम करायला जातात."

यशोधरा रेघेकडे बघत राहिली. तिला कळायला फार वेळ लागला नाही. शेवटी ती समुद्राच्या पाण्याचीच विद्यार्थिनी होती.

त्या उन्हाळ्यात ती स्कार्वोय बेटावर होती. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला एक खडक, त्यावर लाल रंगाचं एक लाकडी घर आणि थोडं गवत. तिथं झरा नव्हता. पूर्वी छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचे. पण अलीकडे उन्हाळे कोरडे जाऊ लागले, म्हणून घरमालकिणीनं समुद्राचं पाणी गोडं करणारं एक छोटं यंत्र बसवून घेतलं होतं. त्या यंत्रानं पाण्यातलं मीठ जातं, पाण्याचं वजन तेच राहतं. समुद्र तर सगळीकडे जडच, कारण तो ढगांचा तो लांबचा प्रवास करतच नाही. उत्तर टोकाचा समुद्र आणि दक्षिणेचा समुद्र यंत्राला जवळजवळ एकच दिसतात. ज्या देशात गोड्या पाण्याची इतकी रेलचेल, तिथं कोणी समुद्र पीत असेल हे तक्ता बनवणाऱ्यांच्या मनातच आलं नसणार.

एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता: बरोबर कोण होतं?

"काही सांगायचं आहे का?" सिग्नेनं विचारलं. तिचा आवाज कठोर नव्हता.

"मला थोडा वेळ द्या."

"महिनाअखेरपर्यंत देते. तोवर पुरावा आला नाही तर अर्ज नाकारावा लागेल. मग तुला भारतात जाऊन तिकडून नव्यानं अर्ज करावा लागेल. त्याला वर्ष लागतं, कधी जास्त. तोवर प्रयोगशाळा जागा धरून ठेवणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

यशोधरानं मान हलवली आणि बाहेर पडली.

बरोबर होती तोरून.

तोरून एस्पेलँड, पंचाहत्तरीची, गावच्या शाळेतली निवृत्त रसायनशिक्षिका. यशोधरा तिच्या घरात माडीवरच्या खोलीत राहत होती. पहिल्या हिवाळ्यात यशोधरा बर्फावरून तीनदा पडली, तेव्हा तोरूननं तिला अंगणात उभं करून चालायला शिकवलं होतं. टाच आधी नाही, पाऊल सपाट ठेव, बदकासारखी चाल. सूर्य उगवत नव्हता त्या आठवड्यांत यशोधराला रडू यायचं. तोरून काही न विचारता स्वयंपाकघरातला मोठा दिवा लावायची आणि तिला कांदा चिरायला बसवायची. "आता रड," म्हणायची, "कारण तयार आहे." या भाषेत अहो-जाहो नाहीच. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. तरीही मनातल्या मनात यशोधरा तिला 'तुम्ही'च म्हणायची.

गेल्या जूनमध्ये तोरूननं विचारलं होतं, "या वर्षी बेटावर माझ्याबरोबर येतेस? एकटीनं जावंसं वाटत नाही." दरवर्षी तिचा मुलगा एस्किल बरोबर असायचा, निदान काही आठवडे तरी. गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र तो दक्षिण ध्रुवाजवळ, एका संशोधन जहाजावर इंजिनिअर होता. सुट्टीच होती. यशोधरा आनंदानं गेली. तोरूननं स्वतः नाव हाकली. बेटावर फोन लागत नव्हता, आणि तोरूनला ते आवडत होतं.

जुलैतल्या एका सकाळी यशोधरा धक्क्यावर गेली तर तोरून नावेत बसली होती. इंजिनाची दोरी तिच्या हातात होती आणि ती त्या दोरीकडे बघत होती.

"हे कशासाठी असतं?" तिनं विचारलं.

यशोधराला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं तोरूनचा चेहरा पाहिला. ती नावेत उतरली आणि शेजारी बसली. बऱ्याच वेळानं तोरूननं दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. पण आपलं काय झालं होतं ते तिला कळलं होतं.

"हे पहिल्यांदा झालेलं नाही," ती म्हणाली. "एस्किलला सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस. कळलं की नाव काढून घेतील, बेट बंद करतील. मी सांगेन, माझ्या वेळेनं सांगेन. शब्द दे."

यशोधरानं शब्द दिला.

ऑगस्टच्या शेवटी दोघी परत आल्या. हिवाळा लागेपर्यंत तोरूनचं विसरणं वाढलं होतं, पण असं की बाहेरच्याला कळू नये. यशोधरा जाता-येता शेगडी बंद आहे ना ते बघायची. औषधांच्या डबीवर वार लिहून ठेवायची. दर रविवारी एस्किलचा फोन यायचा, तेव्हा तोरून हसतखेळत बोलायची आणि यशोधरा त्याच खोलीत काहीतरी आवरत राहायची. आता सांगा, असं तिला म्हणावंसं वाटायचं. पण ती वेळ तोरूनची होती.

पुरावा आणायचा म्हणजे तोरूनला कचेरीत न्यायचं. तिथं तिला प्रश्न विचारणार, तारखा विचारणार. एका तासात सगळं उघडं पडणार.

यशोधरानं वडिलांना फोन केला.

"काऊन वं, आवाज बसला काय तुहा?"

"बाबा, मी परत आले तर चालेल का?"

"चालंल काय म्हन्जे? घर तुहंच हाये." दादाराव थांबले. "पन तुले यायचं हाये, का यावं लागून रायलं?"

तिनं उलट त्यांच्या मोटारींचं काम कसं चाललंय ते विचारलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जे करशीन ते समजून करशीन, मले ठाऊक हाये. जेवली काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधरा खोलीत बॅग भरत होती. दार उघडंच होतं. तोरून हातात कॉफीचा पेला घेऊन वर आली आणि दारात थांबली.

"कुठं निघालीस?"

खोटं बोलणं यशोधराला जमलं नाही. व्हिसा बदलून मिळणार नाही एवढं तिनं सांगितलं. केसांच्या चाचणीत गडबड निघाली म्हणाली.

"कसली गडबड?" तोरून पलंगावर बसली. तिच्या डोळ्यांत एकदम वर्गातली चमक आली. "नीट सांग. पहिल्यापासून."

यशोधरानं पाण्याचं सांगितलं, ढगांचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. तोरून मध्ये मध्ये मान हलवत होती. हे शास्त्र तिला नवं नव्हतं. जड अणू, हलके अणू तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर काढले होते.

"आणि तुझी रेघ किती वर गेली? आकडा सांग."

यशोधरानं सांगितला. खिडकीबाहेर बघत तोरूननं कॉफीचा एक घोट घेतला.

"हे पावसाचं पाणी नाही," ती सावकाश म्हणाली. "दक्षिणेचा पाऊससुद्धा इतका जड नसतो. हा शुद्ध समुद्र आहे. तू समुद्र पीत होतीस." ती यशोधराकडे वळली. "या किनाऱ्यावर माणूस समुद्र पितो अशी एकच जागा मला माहीत आहे. ते यंत्र मीच बसवून घेतलंय."

यशोधरा हातातल्या स्वेटरची घडी घालत राहिली.

"तू स्कार्वोयला होतीस. सबंध उन्हाळा. तुला नाव हाकता येत नाही. म्हणजे मी तुला नेलं."

"तोरून..."

"थांब. मला गेला उन्हाळा आठवतोय तो या घरातला. बाग, मागची खुर्ची, सगळं. पण तो कितीतरी वर्षांपूर्वीचाही असेल, नाही का? तुझे केस खोटं बोलणार नाहीत. म्हणजे माझं डोकं बोलतंय." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. फळ्यावरचं गणित सोडवावं तसं. "आठवत नसलं तरी उत्तर काढता येतं. आता मला सांग, तू हे त्यांना का सांगितलं नाहीस?"

यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही शब्द घेतला होता माझ्याकडून."

"कसला?"

यशोधरानं फक्त तिच्याकडे पाहिलं. बोलायची गरज नव्हती. तोरूनचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"असं आहे तर," ती म्हणाली. "मी शब्द घेतला, मग तो विसरले. आणि तू तो एकटी सांभाळत बसलीस. नोकरी गेली तरी चालेल म्हणून!" तिचा आवाज चढला. "मूर्ख पोरी! तू गेलीस तर शेगडी कोण बंद करणार? तुला काय वाटलं, मला कळत नाही रोज कोण बंद करतं ते?"

दोघी एकदमच हसल्या आणि एकदमच रडल्या.

मग तोरूननं आपली वेणी पुढं घेतली. पांढरी, कमरेपर्यंत आलेली वेणी. ती गावात प्रसिद्ध होती. तरुणपणापासून तिनं केस कधी आखूड केले नव्हते.

"आखूड बटेनं भागणार नाही," ती विचार करत म्हणाली. "फक्त गेला उन्हाळा जुळला तर ते म्हणतील, दोघी मिळून दक्षिणेला गेल्या असतील. त्यांना मुळापासून टोकापर्यंतची बट हवी. हे केस कमीत कमी पाच वर्षांचे आहेत. दर उन्हाळ्यात मी बेटावर होते, दर उन्हाळ्यात समुद्र प्याले. रेघेत दरवर्षी एक टेकडी दिसेल. आधीचे तीन उन्हाळे एस्किल माझ्याबरोबर होता, तो साक्ष देईल." एस्किलचं नाव घेऊन ती थांबली.

"त्याला सांगावं लागेल," यशोधरा हलकेच म्हणाली.

"हो. सांगावंच लागेल." तोरून उठली. "रविवारपर्यंत थांबू नकोस. मी रविवारपर्यंत विसरेन. फोन आत्ता लाव."

पडद्यावर एस्किल दिसला तेव्हा त्याच्या मागच्या गोल खिडकीत पांढरा बर्फ तरंगत होता. आईनं काही न लपवता सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा आक्रसत गेला. मग त्यानं विचारलं, "यशोधरा तिथं आहे?"

ती पुढं झाली.

"तुला जुलैपासून माहीत होतं? आणि दर रविवारी मी फोन करत होतो, तेव्हा तू त्याच खोलीत असायचीस?"

"हो."

"तिला काही झालं असतं म्हणजे? एकटी नाव घेऊन गेली असती म्हणजे?"

"मी नावेच्या साखळीच्या कुलपाची किल्ली माझ्या खोलीत ठेवली होती," यशोधरा म्हणाली. "पण तुमचं बरोबर आहे. तुम्हाला कळायला हवं होतं. मला नीट ठरवता आलं नाही."

"तिच्यावर ओरडू नकोस," तोरून मध्ये पडली. "राग करायचा तर माझा कर, आणि लवकर कर, म्हणजे मला आठवतंय तोवर होऊन जाईल."

एस्किलनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते. "आई, या फेरीनंतर मी जहाज सोडतो," तो म्हणाला. मग यशोधराकडे वळून, जरा अडखळत म्हणाला, "साक्ष कुणाकडे द्यायची ते सांग. आजच देतो. आणि किल्लीचं... ते चांगलं केलंस."

चार-पाच दिवसांनी तोरून आणि यशोधरा सिग्नेच्या कचेरीत गेल्या. तोरूनच्या मानेजवळची बट कापून झाली. बेटावरच्या टाकीतलं पाणी आणायला कचेरीनं माणूस पाठवला. एस्किलचा जबाब येऊन पोचला. आणखी काही दिवसांनी सिग्नेनं दोघींना पुन्हा बोलावलं, आणि पडद्यावर या वेळी दोन रेघा होत्या.

वरची रेघ तोरूनची. ती बघून सिग्ने स्वतःच थक्क झाली होती. सपाट रेघेवर एकामागून एक टेकड्या उभ्या होत्या, दर उन्हाळ्याला एक. टोकाकडच्या थोड्या झिजलेल्या, मुळाकडच्या ठसठशीत. खाली यशोधराची रेघ. तिच्यात इथं आल्यापासूनची एकच टेकडी, आणि ती तोरूनच्या अगदी अलीकडच्या टेकडीच्या बरोबर खाली. चढ तोच, माथा तोच, उतार तोच. टाकीतल्या पाण्याचा आकडाही जुळला होता.

"मला एक प्रश्न विचारावाच लागेल," सिग्ने म्हणाली. ती तोरूनकडे वळली. तिच्या आवाजात संकोच होता, कारण लहानपणी ती तोरूनच्याच वर्गात होती. "गेल्या उन्हाळ्यात ही मुलगी बेटावर तुमच्याबरोबर होती, हे तुम्हाला आठवतं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही," तोरून म्हणाली.

सिग्नेनं ते लिहून घेतलं.

"मला आठवत नाही, आणि आठवतं असं मी सांगणार नाही. जन्मभर मुलांना सांगत आले, जे दिसलं तेवढंच लिहा. माझ्या डोक्यात तो उन्हाळा नाही. पण माझ्या केसांत आहे आणि हिच्या केसांत आहे. त्याच महिन्यांत, त्याच पाण्याचा. सिग्ने, तुला यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढ."

सिग्नेनं पडद्यावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "हा निष्कर्ष काढायला तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. मग हळू आवाजात: "तुमच्या आठवणीबद्दल मला नोंद करावी लागेल. आरोग्य खात्याला कळवावं लागेल. नाव चालवायचा परवाना..."

"कर नोंद. मला माहीत होतं. तरीही आले."

यशोधरानं टेबलाखाली तोरूनचा हात धरला.

विद्यार्थी व्हिसा बदलून नोकरीचा व्हिसा मार्चच्या सुरुवातीला हातात आला. देश सोडावा लागला नाही, सीमेपर्यंतही जावं लागलं नाही. सिग्नेनं सांगितलं की तक्त्यात आता एक नवी ओळ घातली आहे, 'उत्तरेकडील बेटं, समुद्राचं पाणी'. त्या ओळीमुळे लगोलग आणखी एका मुलाचा अडकलेला अर्ज सुटला होता. तो फिलिपिन्सहून आलेला होता आणि मासेमारीच्या बोटीवर राहायचा, समुद्राचंच पाणी गोडं करून प्यायचा. यशोधरानं त्याला कधी पाहिलं नाही. पण त्या दिवशी तिला आपल्या व्हिसापेक्षा त्याच्या व्हिसाचा आनंद जास्त झाला.

तोरूनचा नावेचा परवाना गेला. डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. हे औषध विसरणं थांबवत नाही, सावकाश करतं. एस्किल वसंतात परतला आणि खालच्या मजल्यावर राहू लागला. सुरुवातीला त्याचं आणि यशोधराचं बोलणं मोजकं असायचं. मग एके दिवशी तोरूननं दोघांना एकत्र कांदे चिरायला बसवलं. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

बेट बंद झालं नाही. जूनमध्ये तिघं गेले, नाव एस्किलनं हाकली. एका निवांत दुपारी वारा पडला होता आणि समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. एस्किल खडकापलीकडे मासे धरत होता. यशोधरा आणि तोरून घरासमोरच्या बाकावर बसल्या होत्या. यशोधराच्या मनात कितीतरी दिवसांपासून एक गोष्ट होती. कचेरीतून बाहेर पडल्यावर, व्हिसा आल्यावर, पहिल्या पगाराच्या दिवशी, प्रत्येक वेळी ती बोलायची राहून गेली होती.

"तोरून," ती म्हणाली, "मला तुमचे आभार मानायचे आहेत."

"कशाबद्दल?" तोरूननं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल होतं.

यशोधरा बाकावर नीट सरकून बसली आणि सांगू लागली. एक मुलगी होती, लांबून आलेली. तिला इथं राहायचं होतं, पण तिच्या केसांतल्या पाण्यावरून लोकांचा गैरसमज झाला. खरं काय ते एकच बाई सांगू शकत होती, आणि ती बाई तो उन्हाळाच विसरली होती. तरी तिनं नुसत्या विचारानं तो शोधून काढला. सगळ्यांसमोर जाऊन 'मला आठवत नाही' असं स्वच्छ सांगितलं. त्यासाठी तिला स्वतःची नाव द्यावी लागणार होती, हे माहीत असून सांगितलं.

तोरून मन लावून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "आकडे जुळले का?"

"अगदी तंतोतंत."

"हुशार होती मग ती बाई."

"फार. आणि फार चांगली."

तोरून समाधानानं हसली, दुसऱ्या कोणाचं कौतुक ऐकून माणूस हसतो तशी. पाण्यावर दूर एस्किलनं हात हलवला. तिनंही हलवला.

"आणि त्या मुलीचं पुढं काय झालं?"

"ती राहिली," यशोधरा म्हणाली.